कोट झाल्यास जोडीने उठावे

जळगाव, ४ मे २०२५

रूपा,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरले म्हणून नाही.

फोनवर तू मला ब्लॉक केलंस आणि घरच्या ग्रुपमधून मी स्वतःच बाहेर पडले. मग उरलं पोस्ट. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. वाचायचं नसेल तर चुलीत घाल. तुझ्याकडे आता चूल नाही म्हणा, तुझं सगळंच नवीन असतं. भिडूसुद्धा.

आखाजीला, ऐन अक्षय्य तृतीयेच्या सणाला, पहूरला माहेरी जे झालं ते तू कशा रंगात लोकांना सांगत असशील याची मला कल्पना आहे. म्हणून जसं झालं तसं लिहून ठेवते. आबांच्या ओट्यावर दुपारी जेवणं झाल्यावर पत्ते बसले. एका बाजूला आपला भाऊ ईश्वर आणि आमचे हे. त्यांच्याविरुद्ध तू आणि मी, समोरासमोर, लग्नाआधीपासून दर आखाजीला बसतो तशा. मेंढीकोट. हुकूम इस्पिक. तीन दश्श्या त्यांनी खाल्ल्या होत्या, हे मान्य. चौथी, बदामाची, तुझ्या हातात होती. ती वाचली असती तर कोट वाचला असता. ईश्वरने बदामाचा एक्का उतरवला आणि तू त्याच्यावर शांतपणे दश्शी ठेवलीस. चारही दश्श्या त्यांच्याकडे. कोट. आपल्यावर! आबांच्या ओट्यावर आपल्यावर आजवर कधी कोट झाला नव्हता गं.

मी म्हटलं, असेल, बदामाचं दुसरं पान नसेल बिचारीकडे. आणि पुढच्याच हाताला तुझ्याकडून बदामाची सत्ती निघाली.

सत्ती हातात असताना दश्शी कोण टाकतं? शेंबडं पोर टाकणार नाही. तू तर आबांची शिष्या.

बरं, झाला कोट. भिंतीवर नियम लिहिलेला आहे, आपण दोघी उठलो. मी पाणी पिऊन परत आले तर माझ्या भिडूच्या, म्हणजे तुझ्या, समोर ईश्वरची बायको ममता बसलेली. माझ्या जागेवर. मांडी घालून. तू तिला पानं लावायला शिकवत होतीस आणि दोघी तुमच्या त्या अहिराणीत हसत होतात. ती शिरपूरकडची आणि तू धुळ्याची झालेली, जमतं तुमचं. मी तिथे पदर खोचून उभी, आणि कुणी वर बघितलं नाही.

मला डोकं दुखतंय म्हणून मी संध्याकाळच्या गाडीने निघून आले. डोकं खरंच दुखत होतं.

सुलक्षणा

जळगाव, १ जून २०२५

रूपा,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर दोन ओळी. 'अक्का, नियम नीट वाच. उठावे असं लिहिलंय. परत त्याच जोडीने बसावे असं कुठे लिहिलंय?'

वा! तीस वर्षं मी एसटीच्या आरक्षणाच्या खिडकीवर बसते. नियम वाचून दाखवून रोज दहा माणसांना परत पाठवते. आता मला तू नियम शिकव.

मला आपली ती भिंत डोळे मिटून दिसते. नूर महंमद पेंटरचाचांनी निळ्या ऑइलपेंटने लिहिलेले सहा नियम. पहिला, पैसे लावू नयेत. आखाजीला अख्ख्या गावात पैशांवर पत्ते चालतात, आपल्या ओट्यावर नाही. आणि शेवटचा, मीटरच्या पेटीला खेटून: 'कोट झाल्यास जोडीने उठावे.' आता बघ. उठायला कुणाला सांगितलंय? जोडीला. एकेकट्या माणसाला नाही. जी जोडी उठते ती जोडीच राहते. आमच्या खिडकीवर नवरा-बायको रांगेतून बाहेर गेले आणि परत आले, तर ती येताना शेजारच्याची बायको होत नाही.

तुझ्या म्हणण्याप्रमाणे कोट झाला की जोडी मोडली आणि जो तो मोकळा. मग आबांनी तसं लिहून घेतलं असतं, 'जोडी मोडावी'. आबा शब्दांना घाबरणारे नव्हते. हा प्रश्न आजवर आला नाही, कारण आपल्यावर कोट झाला नाही. आलेल्या पहिल्याच दिवशी तू स्वतःच्या सोयीचा अर्थ लावून मोकळी झालीस.

आणि एक. ममता आठ दिवस तुझ्याकडे धुळ्याला राहून गेली म्हणे. मी काही शोधायला गेले नव्हते. ह्यांच्या फोनमध्ये तुझं स्टेटस दिसलं, ह्यांनीच दाखवलं. (नाही दाखवलं. ते अंघोळीला गेले होते.) तुझ्या गच्चीवर चटईवर बसून चौघी पत्ते खेळताय आणि ममता तुझ्या समोर. तिच्या अंगावर ती अबोली साडी, जी तू मला 'तुला नाही शोभणार अक्का' म्हणाली होतीस. तिला शोभते. बघितलं मी.

माझ्याकडे तू शेवटची मुक्कामाला कधी आलीस, आठवतं? मला आठवत नाही. जळगाव ते धुळं काही साता समुद्रापार नाही. मी काही जळत नाहीये. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, म्हणून एवढं कळतंय इतकंच.

तू कार्डाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलंयस, 'ममताला जे बोललीस त्याचं काय?' मी काहीही बोललेले नाही.

सुलक्षणा

जळगाव, १७ ऑगस्ट २०२५

रूपा,

निकाल लागला. माझ्या बाजूने.

गेल्या रविवारी सकाळी एसटीने बोदवडला गेले. नूर महंमद चाचा आता तिथेच असतात, मुलाकडे, अरशदकडे. म्हटलं, ज्याने नियम लिहिला त्यालाच विचारावं, आबा तर आता सांगायला येणार नाहीत. चाचा फार थकलेत. हात कापतो. अरशद फ्लेक्स छापतो, आणि चाचा दारात बसून प्रत्येक फ्लेक्सच्या अक्षराला नावं ठेवतात. मला पाहून आधी ओळखलंच नाही, मग म्हणाले, "आबांची थोरली! तीच ना, हारली की पानं फेकणारी?" मी म्हटलं, ती धाकटी.

नसीमचाची गेल्या वर्षी गेल्या, हे आपल्याला कुणी कळवलं नाही. मला फार वाईट वाटलं.

मी सगळं सांगितलं. कोट, जोडी, उठणं, सत्ती. मग विचारलं, चाचा, उठलेली जोडी परत त्याच जोडीने बसायची ना? चाचा म्हणाले, "हां बेटा, तुझंच बरोबर."

झालं. लिहिणाऱ्याच्या तोंडून आलं. आता तू धुळ्याच्या कोर्टात जा नाहीतर मुंबईच्या.

अरशदने जाताना मला स्टँडवर सोडलं.

सुलक्षणा

जळगाव, २८ डिसेंबर २०२५

रूपा,

तुझं उत्तर नाही. चार महिने. बरं.

कालच्या शनिवारी तुम्ही सगळ्यांनी पहूरला शेतात भरीत केलं असं ईश्वरने सांगितलं. ममताने कपाशीच्या काट्यांवर वांगी भाजली, तू लाकडी बडगीत भरीत ठेचलंस, कळण्याच्या भाकरी, सगळं. ईश्वर म्हणाला, "अक्का, तुले फोन लावला व्हता, लागला नाही व." लागला नाही! माझा फोन दिवसभर माझ्या हातात होता. मी आमच्या गॅसवर एका वांग्याचं भरीत केलं आणि आम्ही दोघांनी टीव्ही बघत खाल्लं. मीठ जास्त झालं होतं. हे म्हणाले, "छान झालंय." म्हणजे ह्यांनाही माझी कीव येते.

तर मी आता खरं लिहिते. कीव आली तर येऊ दे.

बोदवडला चाचा एवढंच म्हणाले नव्हते. मी प्रश्न विचारल्यावर ते आधी म्हणाले, "बेटा, तुला कोणता अर्थ पाहिजे? सांग, तोच सांगतो. इतक्या लांबून आलीस." मी सांगितलं. मग ते म्हणाले, हां, तुझंच बरोबर. मी तुला पुढचं तेवढंच लिहिलं.

मग चहा आला. चहा बघून त्यांना काय आठवलं कोण जाणे, एकटेच हसायला लागले. म्हणाले, तो नियम ना तुझ्या आबांचा, ना माझा, तो नसीमचा. त्या काळी आखाजीला ओट्यावर चार पुरुष बसले की दिवेलागणीपर्यंत उठायचे नाहीत. आपली आई आणि नसीमचाची चहा, सांजोऱ्या घेऊन मागे उभ्या. दोघींना पत्ते येत होते. बसायला कुणी देत नव्हतं. एका आखाजीला नसीमचाचींनी चहाची किटली पत्त्यांच्या मधोमध ठेवली आणि म्हणाल्या, ज्यांच्यावर कोट झालाय ते उठतील, तेव्हाच चहा मिळेल. आबा हसून उठले. चाचाही उठले. आई आणि चाची बसल्या. तिथून नियम आला.

"मी पूरं लिहिणार होतो," चाचा म्हणाले. "कोट झाल्यास जोडीने उठावे आणि उभे असतील त्यांना बसू द्यावे. पण भिंत संपली ना. मीटरची पेटी आली मध्ये. तुझे आबा बोलले, राहू दे नूरभाई, आपल्याला माहीत आहे, बस."

मी विचारलं, मग जोडी? परत कोण कोणासमोर? ते म्हणाले, "ते कुणाला पडलं होतं, बेटा?"

मला पडलं होतं. अजून पडलंय.

गाडीत मी खूप विचार केला. आबांच्या ओट्यावर आपल्या दोघींवर कधी कोट झाला नव्हता याचा मला केवढा गर्व. आणि ममता लग्न होऊन आल्यापासून दर आखाजीला आमरसाची पातेली उतरवून माझ्या मागे येऊन उभी राहायची. मला वाटायचं, वाढायला आली असेल. मी मागे न बघता ग्लास पुढे करायचे, ती भरायची.

तरीही ऐक. मला तिच्यासाठी वाईट वाटतं, आणि तरीही ती तुझ्या समोर बसली की माझा जळफळाट होतो. दोन्ही एकाच वेळी होतं. ती तुला 'रूपाताई' म्हणते, नावाने. मला 'मोठ्या ताई' म्हणते, जशी मी तहसीलमधली कुणी अधिकारी. तुझं-माझं लहानपण एका गोधडीतलं. बोटं मोजून पानं सांगायची खूण आपण त्या गोधडीत ठरवली होती (आबांना कळलं होतं, त्यांनी मोडूनही काढली). ते सगळं एका कोटात मोकळं होतं का, एवढंच मला विचारायचं होतं. नियमाचं मी पुढे केलं, कारण नियमावर भांडायला मला येतं.

आणि तिला काय बोलले म्हणून तू विचारत होतीस. बोलले. ती माझ्या जागी बसली तेव्हा मी म्हटलं, "हिला पोळपाट धरता येतो, पत्ते कुठून धरता येणार?" सगळ्यांसमोर म्हटलं. ईश्वर म्हणाला, "काय व अक्का, सणाच्या दिवशी असं बोलतात काय?" ममता हसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मोठ्या ताई, तुम्ही बसा ना. माले काय, मी उभी ऱ्हास." ती खरोखर उठायला लागली होती. तू तिचा हात धरून खाली बसवलंस. तेव्हा मी निघाले.

तर मी येत्या आखाजीला पहूरला येणार नाही. तू जा. सुखाने समोरासमोर बसा. मी इथे आमरस विकत आणीन.

सुलक्षणा

जळगाव, २१ एप्रिल २०२६

रूपा,

परवा आखाजी झाली. मी गेले होते.

येणार नाही म्हणून लिहिलं, ईश्वरलाही कळवलं, आणि सकाळी सहाला उठून ह्यांच्या मागे लागले, चला. ह्यांनी विचारलं, "मतपरिवर्तन?" मी म्हटलं, आबांच्या नावाची घागर भरायची आहे, मोठी मुलगी नको का? खोटं. घागर ईश्वर भरतोच. मला बघायचं होतं. तू आणि ममता समोरासमोर बसलेल्या बघायच्या होत्या, म्हणजे मनाचं समाधान होईल तेवढं जळून येता येईल. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ते आबा मलाच उद्देशून म्हणायचे.

आणि तू नव्हतीस.

मी अंगणात शिरले तर झोक्यावर पोरी, घागरीवर खरबूज, सगळं जिथल्या तिथे, ओट्यावर पत्ते पिसून ठेवलेले, आणि तू नाहीस. मी ईश्वरला विचारलं नाही. मला वाटलं, मी येणार हे कसं कोण जाणे तुला कळलं आणि म्हणून आली नाहीस. मी स्वयंपाकघरात जाऊन पोळ्या लाटायला बसले. ममताने माझं तोंड बघितलं. तिने निम्मं पुरण माझ्याकडे सरकवलं.

शेवटी मीच म्हटलं, रूपाला यायचं नव्हतं वाटतं?

ती पोळी उलटत म्हणाली, "तुम्ही येणार नही, म्हनीसन त्या नही उन्यात. फोनवर बोलन्यात, अक्का नही तर मी कोनासमोर बठू?"

मी लाटणं खाली ठेवलं.

मग तिने दुसरंही सांगितलं. मी विचारलं नव्हतं, तिने आपणहून सांगितलं, मान खाली घालून, तिनेच गुन्हा केल्यासारखं. गेल्या वर्षी ती तुझ्या पाठीमागे उभी होती. "रूपाताईना हातमां सत्ती व्हती. माले दिसनी. तरी तेसनी दश्शी टाकी. मंग बोलन्यात, ममता, आते तू बठ."

म्हणजे मी म्हणत होते तेच खरं निघालं! तू मुद्दाम कोट करून घेतलास. तुला माझ्याआधी दिसलं की ती बारा वर्षं उभी आहे. तुला नसीमचाचीची किटली माहीत नव्हती, कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि तू तेच केलंस. मला राग यायला हवा होता. आलाही. तुझ्यावर नाही फार. तुला आधी दिसलं, मला नाही, याचा आला. बघ, या बाबतीतही मला तुझा हेवाच वाटला. मी अशीच आहे.

मी ममताला म्हटलं, पोळपाटाचं बोलले ते वाईट बोलले. ती म्हणाली, "जाऊ द्या ना ताई." नुसतं ताई. 'मोठ्या' गळलं. मी काही दाखवलं नाही, पण ऐकलं.

जेवणं झाली. ईश्वर आणि आमचे हे ओट्यावर येऊन बसले. तिसऱ्या जागेवर मी. चौथी तुझी, रिकामी. ममता ताटं घेऊन चालली होती. मी म्हटलं, ताटं ठेव, माशा बसू दे. इथे बस. तिने पदराला हात पुसले आणि माझ्या समोर बसली.

रूपा, ती कशी खेळते गं! तू मला कधी सांगितलं नाहीस. ईश्वरने किलवरचा राजा लपवून ठेवला होता, तो तिने तिसऱ्या हाताला बाहेर काढायला लावला. माझी चाल मी करायच्या आधी तिला कळत होती. मी विचारलं, हे कुठे शिकलीस? तर म्हणे, "तुमना मांगे उभी ऱ्हाईसन बठ्ठं शिकाले भेटनं." दोन डाव आम्ही जिंकलो. तिसऱ्या डावाला ईश्वरवर आणि ह्यांच्यावर कोट केला. चारही दश्श्या आमच्या! हे पानं टाकून उठले आणि म्हणाले, "आता चहा तरी मिळेल का?" मी म्हटलं, नियमाप्रमाणे तुम्हीच करा. दोघांनी मिळून केला. साखर घातलीच नव्हती. ममता तो चहा पिताना इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि मी तिच्या पाठीवर हात फिरवत बसले.

हे सगळं मी तुला सविस्तर कशासाठी लिहितेय? तुला जळवण्यासाठी. वर्षभर मी एकटीने जळायचं, हा कुठला न्याय? आमचा फोटो ह्यांच्या स्टेटसला आहे. ममताच्या अंगावर माझी मोरपंखी साडी आहे. ती तिला अबोलीपेक्षा जास्त शोभते, कुणालाही विचार.

आता नियमाचं. मी तुझा अर्थ मान्य करते. कोट झाला की जोडी मोकळी, ज्याला ज्याच्यासमोर बसायचं त्याने बसावं. पण तुझ्याच अर्थाने, कोट होत नाही तोवर जोडी तुटत नाही. माझ्यावर आणि ममतावर अजून कोट झालेला नाही. तेव्हा ती माझी भिडू आहे आणि मी तिची. माझ्या समोर तुला बसायचं असेल तर आधी येऊन आमच्यावर कोट करावा लागेल. दुसरा रस्ता मला भिंतीवर दिसत नाही.

आखाजीपर्यंत थांबायची गरज नाही. मे महिन्यात ये, आंबे आहेत तोवर. मी पहूरला ममताला कळवून ठेवते. तू ईश्वरला समोर घे. माझ्या एका शेजारी तू, दुसऱ्या शेजारी तो. तुझ्या शेजारी बसून मी कधी खेळलेच नाही.

मी मुद्दाम हरणाऱ्यातली नाही, हे तुला ठाऊक आहे. पण चौघंही बसलेले असलो की मागे उभं कुणी राहणार नाही. ईश्वरने बदामाचा एक्का उतरवला आणि माझ्याकडून दश्शी पडली, तर माझ्या हातात सत्ती होती की नव्हती, ते कुणालाच दिसणार नाही.

तुझीच,
अक्का